अधिकार नाही, सही मात्र त्याची: सुरक्षा प्रतिनिधीबद्दल कामगार विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. प्रधान सचिव, कामगार विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य

विषय: सुरक्षा समितीवरील कामगार प्रतिनिधीचं काम, अधिकार आणि संरक्षण नियमांत स्पष्ट लिहिण्याबाबत

महोदय,

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांबद्दलची केंद्राची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या कलम २२ मध्ये सुरक्षा समितीची तरतूद आहे. समिती कुठे असावी याचा आदेश सरकारने काढायचा, आणि तिच्यावरचे कामगारांचे प्रतिनिधी कसे व कशासाठी निवडायचे हे नियमांनी ठरवायचं, असं हे कलम सांगतं. राज्यातल्या बहुतेक खासगी कारखान्यांसाठी ते सरकार म्हणजे आपण. म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहितो आहे.

मी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात मेंटेनन्स फिटर म्हणून आयुष्य काढलं, आणि त्यातली काही वर्षं सुरक्षा समितीवर कामगारांच्या बाजूने बसलो. माझी मागणी अशी आहे: सुरक्षा प्रतिनिधीला बघण्याचा, विचारण्याचा आणि धोका दिसला तर ते काम थांबवण्याचा अधिकार लेखी द्या, आणि अपघाताची जबाबदारी त्याच्या गळ्यात बांधायला लेखी मनाई करा. आज बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चाललं आहे. त्याला अधिकार कसलाच नसतो, पण कागदावर सही त्याची असते.

ही सही काय करते, ते सांगतो. मी काम करत होतो त्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमधली ही गोष्ट आहे. पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबली तरच प्रेस खाली यावा, म्हणजे हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, राहणार नाही, अशी ती सोय असते. टार्गेट वाढलं की एका बटणात पाचर ठोकली जाते किंवा चिकटपट्टी लावली जाते. मग एक हात जॉब ठेवायला मोकळा होतो. सुपरवायझरला हे माहीत असतं, लाइनवरच्या सगळ्यांना माहीत असतं. आमच्या प्रतिनिधीने हा विषय समितीच्या बैठकीत काढला. इतिवृत्तात शब्द आले, "चर्चा झाली." पुढे काहीच झालं नाही. नंतर त्याच प्रेसवर एका ट्रेनी मुलाची दोन बोटं गेली. चौकशीत व्यवस्थापनाने रोजची चेकलिस्ट काढली. तिच्यावर "सुरक्षा साधने सुस्थितीत" अशी छापील ओळ होती आणि खाली त्याच प्रतिनिधीची सही होती. शिफ्ट सुरू होताना पन्नास रकान्यांचा तो कागद त्याच्यापुढे ठेवला जायचा आणि सही केल्याशिवाय लाइन सुरू होत नसे. कारणे दाखवा नोटीस त्याला मिळाली. टार्गेट ज्यांनी ठरवलं होतं त्यांना काहीही विचारलं गेलं नाही.

या घटनेनंतर आमच्या शॉपमध्ये समितीवर जायला कोणी तयार होईना. कोण होईल? बोललं तर बढती अडते, गप्प बसलं तर अपघातानंतर आपलीच सही पुढे केली जाते. माणसं या पदापासून पळतात त्याचं कारण "कामगारांना सुरक्षेची जाणीव नाही" हे नाही. दर ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, छातीवर बिल्ला लावून आम्ही शपथ घेतो. ती शपथ सगळी कामगाराच्या वागणुकीबद्दल असते. घोषवाक्य स्पर्धा होते, बक्षीस म्हणून डबा मिळतो आणि ११ तारखेला पाचर पुन्हा बटणात असते.

सुरक्षा अधिकारी आणि सुरक्षा प्रतिनिधी या दोघांमधला फरक आपल्याकडे पुसला गेला आहे, आणि गोंधळाचं मूळ तिथे आहे. अधिकारी हा मालकाने नेमलेला, पगारी, शिकलेला माणूस. जुन्या कारखाने कायद्यात हजार कामगारांवर तो सक्तीचा होता. संहितेने ती मर्यादा ५०० वर आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी २५० वर आणली, हे चांगलंच झालं. कारखाना सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था उभी करणं हे त्याचं काम. ती व्यवस्था प्रत्यक्षात चालते की नाही, हे मशीनवर उभ्या असलेल्या माणसांच्या वतीने विचारणं हे प्रतिनिधीचं काम. हेल्मेट घातलं नाही म्हणून सोबत्याचं नाव लिहून घेणं, पोस्टर चिकटवणं, ऑडिटवाले येणार म्हणून पिवळे पट्टे पुन्हा रंगवून घेणं, ही कामं त्याची नव्हेत. आज नव्वद टक्के वेळ त्याच्याकडून हीच करून घेतली जातात असं मी म्हटलं, तर समितीवर बसलेला कुठलाही कामगार मान डोलावेल.

कामगाराला सुरक्षेच्या कारभारात जागा का दिली गेली, याचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे, तरी तो इथे मांडतो. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जे घडलं, त्याच्या कितीतरी आधी तिथल्या कामगारांना ते येताना दिसत होतं. डिसेंबर १९८१ मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीन या विषारी वायूने एका कामगाराचा जीव घेतला होता. १९८२ मध्ये युनियनने धोक्याचा इशारा देणारी पत्रकं लावली होती. पुढे खर्च वाचवण्यासाठी माणसं कमी केली गेली, आणि एमआयसी या विषारी रसायनाच्या टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा त्या रात्री बंदच होती. हे सगळं आत काम करणाऱ्यांना माहीत होतं. पण त्यांचं ऐकणं कायद्याने कोणावरही बंधनकारक नव्हतं. म्हणून १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ४१-जी आलं. धोकादायक प्रक्रिया असलेल्या प्रत्येक कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधींची समिती असलीच पाहिजे, असं त्यात होतं. लगेच पुढे कलम ४१-एच आलं: धोका जवळ आला आहे असं वाटलं तर कामगाराने थेट किंवा समितीवरच्या प्रतिनिधीमार्फत व्यवस्थापनाला कळवावं, आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवावं.

हजारो माणसांच्या मरणातून आलेली ही कलमं आहेत. त्यामुळे नवी संहिता वाचताना एका जागी मी अडखळलो. जुन्या कायद्यात धोकादायक कारखान्यात समिती असलीच पाहिजे, असं बंधन होतं. कलम २२ म्हणतं की सरकार आदेशाने समिती स्थापन करायला सांगू शकेल. म्हणजे आपण आदेश काढला तर समिती. धोकादायक प्रक्रियेच्या एकाही कारखान्याला, मग तिथे कामगार कितीही असोत, या आदेशातून वगळू नका ही माझी पहिली विनंती. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला आणि २३ मे २०२४ ला पुन्हा झाला. दोन्ही वेळा आजूबाजूच्या वस्तीतल्या काचा फुटल्या, लोक रस्त्यावर धावले. रासायनिक कारखान्यात धोका किती मोठा हे रिअॅक्टरमध्ये काय आहे यावर ठरतं. हजेरीपटावर किती नावं आहेत याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता जबाबदारीच्या मुद्द्यावर येतो. तोच मला सगळ्यात जास्त बोचतो.

ब्रिटनमध्ये १९७४ च्या सुरक्षा कायद्याखाली १९७७ साली सुरक्षा प्रतिनिधी आणि सुरक्षा समित्यांचे नियम झाले, आणि १ ऑक्टोबर १९७८ पासून ते लागू आहेत. मान्यताप्राप्त युनियन प्रतिनिधी नेमते. धोक्यांचा आणि सोबत्यांच्या तक्रारींचा तपास करणं, दर तीन महिन्यांनी कामाच्या जागेची पाहणी करणं, अपघातानंतर ती जागा बघणं, कागदपत्रं मागणं, निरीक्षकांशी बोलणं ही त्याची कामं तिथे लिहिलेली आहेत. हे सगळं भरपगारी वेळेत. दोन प्रतिनिधींनी लेखी मागणी केली तर मालकाला तीन महिन्यांत समिती स्थापन करावी लागते. आणि त्याच नियमात एक छोटंसं वाक्य आहे, जे आपल्याकडे कुठेच नाही: ही कामं दिली म्हणून प्रतिनिधीवर कुठलंही कायदेशीर कर्तव्य येत नाही. कामगार म्हणून इतरांवर जी जबाबदारी असते तेवढीच त्याच्यावर. त्याने एखादा धोका पाहिला नाही, किंवा पाहून तो बोलला नाही, म्हणून त्याला खटल्यात ओढता येत नाही.

हे वाक्य महत्त्वाचं का? ज्याच्या हातात पैसा आहे, यंत्र विकत घेण्याचा आणि वेग ठरवण्याचा निर्णय आहे, जबाबदारी त्याच्याच हातात राहिली पाहिजे. प्रतिनिधीकडे ना बजेट, ना हुकूम. तो मशीनला गार्ड, म्हणजे संरक्षक आडोसा, मागू शकतो, बसवू शकत नाही. त्याच्या गळ्यात जबाबदारी घातली की दोन गोष्टी होतात. मालकाला एक स्वस्त ढाल मिळते. आणि प्रतिनिधी स्वतःला वाचवण्यासाठी कमी बघायला, कमी लिहायला शिकतो. नियम करताना हे वाक्य आपल्या मराठीत, आपल्या पद्धतीने, पण नक्की घाला. त्याच्याच शेजारी हेही लिहा की रोजच्या चेकलिस्टवर, धोक्याच्या कामाला परवानगी देणाऱ्या वर्क परमिटवर, "मशीन चालवण्यास योग्य" अशा कुठल्याही दाखल्यावर प्रतिनिधीची सही घेता येणार नाही. त्या सह्या ज्यांचा हुकूम चालतो त्यांनी कराव्यात.

हे सगळं परदेशी आहे असं कोणी म्हणेल, तर त्याने चंद्रपूर-वणीच्या कोळसा खाणींकडे बघावं. आपल्याच देशातल्या खाण नियमांत, १९५५ च्या नियमांत नंतर घातलेल्या तरतुदीने, ५०० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खाणीत कामगारांच्या वतीने पाहणी करणारे निरीक्षक नेमावे लागतात. लोक त्यांना वर्कमेन्स इन्स्पेक्टरच म्हणतात. नोंदणीकृत युनियनशी सल्लामसलत करून, त्या विषयाचं शिक्षण आणि अनुभव असलेली माणसं घेतली जातात. ती खाणीत उतरतात, छत, वाटा, यंत्रं बघतात आणि जे दिसलं ते ठरलेल्या नोंदवहीत लिहितात. त्यावर काय केलं, हे व्यवस्थापनाला तिथेच नोंदवावं लागतं. ही पद्धत सगळीकडे चोख चालते असा माझा दावा नाही. पण एक नोंदवही आहे, तिच्यात एका बाजूला धोका आणि दुसऱ्या बाजूला उत्तर आहे, आणि दोन्हींवर तारीख आहे. कोळशाच्या खाणीत जे चालतं ते चाकणच्या फोर्जिंग शॉपमध्ये किंवा तारापूरच्या रासायनिक कारखान्यात का चालू नये?

अशी नोंदवही आमच्या हाती आली असती, तर "चर्चा झाली" या दोन शब्दांमागे लपायला जागा राहिली नसती. म्हणून मागतो आहे: प्रतिनिधीची स्वतःची नोंदवही, पानांना क्रमांक, धोका लिहिल्यावर ठरलेल्या दिवसांत व्यवस्थापनाचं लेखी उत्तर, आणि उत्तर "शक्य नाही" असं असेल तर त्याचं कारण. निरीक्षक आले की आधी ही वही उघडली गेली पाहिजे. आणि त्यांनी प्रतिनिधीला एकट्याला भेटलं पाहिजे. मॅनेजर आणि एचआरवाले दोन्ही बाजूंनी चालत असताना "काही अडचण आहे का?" असं विचारलं, तर कुठला कामगार हो म्हणेल? आपल्या संचालनालयाकडे प्रत्येक शेडमध्ये जाण्याइतकी माणसं नाहीत, हे आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. मग आत कायम असलेल्या डोळ्यांचा उपयोग का करून घेत नाही?

अपघातानंतरच्या पहिल्या तासाबद्दल वेगळं लिहायला हवं. मी स्वतः पाहिलं आहे की जखमी माणूस गाडीत बसून गेटबाहेर पडायच्या आत मशीन पुसलं जातं, निघालेलं गार्ड बसवलं जातं आणि मग फोटो काढले जातात. चौकशी त्या फोटोंवरून होते. म्हणून, जीव वाचवण्यासाठी लागेल तेवढं सोडून, प्रतिनिधीने जागा बघून नोंद करेपर्यंत कशालाही हात लावता येणार नाही असा नियम हवा. ज्यात कोणाला लागलं नाही पण लागू शकलं असतं, त्या घटनांनाही तोच नियम. क्रेनचा हुक सुटला आणि खाली कोणी नव्हतं, हा नशिबाचा भाग झाला. दोर कुजलेला होता ही गोष्ट त्याने बदलत नाही.

काम थांबवण्याच्या अधिकाराचं नाव काढलं की मालकांच्या संघटनांना धडकी भरते, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. संहितेच्या कलम १४ मध्ये धोक्याची सूचना देण्याचा हक्क आहे. कामगाराने मालकाला आणि निरीक्षकाला एकाच वेळी कळवायचं. मालकाला पटलं तर त्याने लगेच उपाय करायचा. नाही पटलं तरी प्रकरण निरीक्षकाकडे पाठवायचं, आणि त्यांचा निर्णय अंतिम. चांगलं आहे. पण निर्णय येईपर्यंत मशीन चालू ठेवायचं की बंद, यावर ते कलम बोलत नाही. आणि ज्या धोक्याबद्दल आपण बोलतो आहोत तो निरीक्षकांच्या गाडीची वाट बघत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात म्हटलं आहे की जिवाला गंभीर आणि तातडीचा धोका आहे असं सबळ कारणाने वाटून जो कामगार बाजूला होतो, त्याला शिक्षा होता कामा नये, आणि धोका दूर होईपर्यंत त्याला परत तिथे उभं करता येणार नाही. २०२२ मध्ये या संघटनेने सुरक्षित कामाची जागा हा कामगाराचा मूलभूत हक्क मानला, आणि हा करार मूलभूत करारांच्या यादीत घेतला. स्वीडनमध्ये तर सत्तरच्या दशकापासून सुरक्षा प्रतिनिधी स्वतः काम थांबवू शकतो. सरकारी निरीक्षक येऊन निर्णय देईपर्यंत ते थांबलेलं राहतं, आणि त्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई त्याच्याकडून मागता येत नाही.

याचा दुरुपयोग होईल, पगारवाढीच्या वादात लाइन बंद पाडायला हे हत्यार वापरलं जाईल, असा आक्षेप येईल. तो मी उडवून लावत नाही. त्याचं उत्तर नियमाच्या बांधणीत आहे. थांबवणं त्या एका मशीनपुरतं किंवा त्या एका कामापुरतं असावं. वेळ, जागा आणि दिसलेला धोका चिठ्ठीवर लिहून दिलाच पाहिजे. आणि आपल्या कार्यालयाने त्याच दिवशी निर्णय दिला पाहिजे, गरज पडली तर आधी व्हिडिओ कॉलवर बघून. खोटं कारण एका दिवसात उघडं पडतं. रासायनिक कारखान्यात "थांबवा" म्हणजे स्विच बंद करा असं नसतं, हेही मला माहीत आहे. अर्ध्यावर आलेली रिअॅक्शन अचानक सोडून देणं हाच मोठा धोका ठरतो. तिथे "सुरक्षित स्थितीत आणून थांबवा" असं लिहावं लागेल, आणि ती स्थिती कोणती हे त्या प्लांटच्या ऑपरेटरांना विचारून आधीच ठरवून ठेवावं लागेल. आणि टाकीत उतरण्याच्या कामाला मात्र सरळ नियम हवा: आतली हवा तपासल्याचा आकडा प्रतिनिधीला दाखवल्याशिवाय कोणीही उतरणार नाही. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या, टाकीत एक जण पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. या बातम्या आपण सगळेच वाचतो.

एक निरीक्षण नोंदवतो, ते नियमात कसं बसवायचं ते आपण बघा. मी पाहिलेले वाईट प्रसंग बहुतेक सुट्टीच्या दिवशी, रात्रपाळीत, नाहीतर ब्रेकडाउनमध्ये घडले. तेव्हा सुरक्षा अधिकारी घरी असतो आणि काम करणारे असतात ठेकेदाराची माणसं आणि आम्ही मेंटेनन्सवाले. म्हणून प्रतिनिधी शिफ्टप्रमाणे हवेत. जनरल शिफ्टमधल्या चार जणांनी तिन्ही पाळ्यांचं प्रतिनिधित्व करणं हा देखावा आहे.

आता प्रतिनिधी निवडायचा कोणी? गुप्त मतदानाने, तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाने. जिथे नोंदणीकृत युनियन आहे तिथे तिच्याशी सल्लामसलत हवीच. पण मतदार यादीत कंत्राटी कामगार, ट्रेनी, अॅप्रेंटिस, हाउसकीपिंगच्या बाया, लोडिंग-अनलोडिंगची माणसं असलीच पाहिजेत, आणि त्यांच्यातून निवडून येण्याचा हक्कही त्यांना हवा. सगळ्यात धोक्याचं काम आज तीच करतात, आणि समितीत त्यांचं कोणीच नसतं. परमनंट कामगार एसी कंट्रोल रूममध्ये आणि ठेकेदाराचा पोरगा ड्रमच्या तोंडाशी, हे दृश्य कुठल्याही एमआयडीसीत दिसेल. ७ जून २०२१ ला पुण्याजवळ पिरंगुटच्या कारखान्यातल्या आगीत गेलेल्यांमध्ये बहुतेक महिला होत्या. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलझड्या बनवणाऱ्या शेडमध्येही महिलाच होरपळल्या. जिथे महिला काम करतात तिथे प्रतिनिधींमध्ये महिला असणं नियमाने सक्तीचं करा. माल कुठे रचला आहे आणि दार कोणत्या बाजूने बंद आहे, हे त्यांना सगळ्यात आधी माहीत असतं.

तळवड्यासारख्या शेडमध्ये समिती कधीच होणार नाही, हेही मान्य करायला हवं. संहितेने कारखान्याची व्याख्याच वीज वापरणाऱ्यांसाठी १० वरून २० कामगारांवर नेली. भोसरीत एका गाळ्यात आठ-दहा माणसं दोन प्रेस चालवतात, ती कोणाच्या मोजणीत येणार? यावर महाराष्ट्राकडे स्वतःचा अनुभव आहे. एकच एक मालक नसलेल्या हमालांसाठी या राज्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला आणि सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांची मंडळं उभी केली. मालकाने मजुरीबरोबर लेव्ही भरायची आणि मंडळाने कामगाराचं बघायचं. त्याच धर्तीवर एमआयडीसीच्या प्रत्येक क्षेत्रासाठी त्रिपक्षीय सुरक्षा मंडळ का असू नये? लहान गाळ्यांकडून थोडी वर्गणी घ्यायची आणि त्यातून फिरते सुरक्षा प्रतिनिधी नेमायचे. त्यांना कुठल्याही गाळ्यात जाण्याचा हक्क द्यायचा. स्वीडनमध्ये लहान कामाच्या जागांसाठी असे विभागीय प्रतिनिधी फार पूर्वीपासून आहेत, आणि माथाडींचा अनुभव असलेल्या राज्याला ते जड जाऊ नये.

संरक्षण आणि वेळ यांबद्दल थोडक्यात. युनियनच्या ठराविक पदाधिकाऱ्यांना "संरक्षित कामगार" म्हणून वाद चालू असताना कामावरून काढण्याविरुद्ध कवच देण्याची पद्धत औद्योगिक विवाद कायद्यात होती, औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तसंच कवच सुरक्षा प्रतिनिधीला त्याच्या मुदतीत आणि मुदत संपल्यावर काही काळ हवं, आणि त्यात बदली आणि शिफ्ट बदलण्याचाही समावेश हवा. कंत्राटी प्रतिनिधीसाठी तर ठेका बदलला तरी त्याला कामावर ठेवणं बंधनकारक हवं, नाहीतर त्याचं तोंड ठेका संपण्याच्या तारखेपर्यंतच चालेल. पाहणीचा वेळ ड्युटीतला धरा, आणि त्या वेळेचा इन्सेंटिव्ह कापता येणार नाही असं लिहा. प्रशिक्षण निवड झाल्यावर लगेच, पगारी आणि मराठी-हिंदीत द्या. रसायनांची सुरक्षा माहितीपत्रकं आजही इंग्रजीत येतात आणि कपाटात राहतात. ड्रम उचलणारा मुलगा मराठवाड्याचा असतो, नाहीतर बिहारचा. त्याला वाचता येईल अशा भाषेत ते पत्रक ड्रमजवळ लावलेलं असावं, हे बघणं प्रतिनिधीच्या कामात धरा.

हे पत्र आपल्याला असलं तरी माझ्या युनियनमधले सोबती ते वाचतील, म्हणून त्यांच्यासाठीही लिहितो. आपण अनेक करारांत धुराचा, आवाजाचा, उष्णतेचा प्रश्न भत्त्यावर मिटवला. एक्झॉस्ट फॅनच्या जागी महिन्याला काही रुपये घेतले. ज्यांनी ते रुपये घेतले त्यांतल्या अनेकांना आज समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सुरक्षा प्रतिनिधीने मांडलेला धोका पगाराच्या वाटाघाटीत अदलाबदलीला वापरायचा नाही, हे आपण आपल्या ठरावात लिहून घेऊ. आणि हे पद कमिटीत जागा न मिळालेल्याची समजूत काढायला देऊ नका. जो मशीन ओळखतो आणि ज्याच्याकडे नवा पोरगाही न घाबरता येतो, त्यालाच पाठवा.

मालकांना वेगळं काही सांगत नाही. या राज्यात असे कारखानदार आहेत जे प्रतिनिधीचं ऐकतात, आणि त्यांच्याकडे मेंटेनन्सचे फोन रात्री कमी येतात हे आम्हा फिटरांना माहीत आहे. त्यांचे अनुभव आपण बोलावून घ्यावेत.

शेवटी एक व्यवहाराची मागणी. नियम ठरवताना हरकती आणि सूचना मागवल्या जातात. पण मसुदा राजपत्रात छापला जातो आणि ठेकेदाराच्या माणसापर्यंत पोचत नाही. म्हणून चाकण, तारापूर, महाड, बुटीबोरी आणि वाळूज इथे प्रत्येकी एक सुनावणी त्या त्या औद्योगिक क्षेत्रातच घ्या. ती रविवारी घ्या, किंवा पहिली पाळी सुटल्यावर संध्याकाळी, म्हणजे हजेरी बुडवून यावं लागणार नाही. तिथे कामगारांना नाव न देता बोलू द्या, आणि जे बोललं जाईल ते मराठीत लिहून घेऊन संचालनालयाच्या संकेतस्थळावर टाका. समितीवर बसलेले आणि समितीवरून हटवलेले, दोन्ही प्रकारचे प्रतिनिधी तिथे येतील. त्यांना घेऊन येण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

आपला विश्वासू,
एक माजी सुरक्षा समिती सदस्य (कामगार प्रतिनिधी)
पिंपरी-चिंचवड